पंचनाम्यात न येणारा धूर

फेब्रुवारी सरत आला की सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळून कडकडीत होते, साग, ऐन, किंजळ पाने टाकतात, आणि रात्री डोंगरावर विस्तवाची रांग सरकताना दिसू लागते. कोकणात, मावळात, सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर, मेळघाटात, गडचिरोलीत, सगळीकडे हे दरवर्षीचे झाले आहे. सकाळी चौकशी होते ती ठरलेली. कुणाची बाग गेली? किती कलमे होरपळली? गवताच्या गंज्या वाचल्या का? मग तलाठी येतो, पंचनामा होतो. आंब्याची झाडे मोजली जातात, काजू मोजले जातात, गोठा जळला असेल तर तो लिहिला जातो. त्या रात्री गावातल्या किती म्हाताऱ्या माणसांना आडवे होता आले नाही, किती लेकरांना खोकल्याची ढास लागली, हे मात्र कुठेच लिहिले जात नाही. ते नुकसान आहे असेच कुणाला वाटत नाही.

मला त्या न लिहिलेल्या नुकसानाबद्दल बोलायचे आहे. वणवा डोंगरावर लागतो, पण त्याचा धूर खाली गावात आणि गावाच्याही पलीकडे जातो. ज्याने काडी ओढली तो, ज्याची बाग जळली तो, आणि ज्याचा त्या डोंगराशी काडीचाही संबंध नाही असा वीस कोसांवरचा माणूस, हे तिघेही तीच हवा छातीत घेतात. म्हणून वणवा लावू नये, लागलेला दिसला तर गप्प बसू नये, आणि धूर आलाच तर घरातल्या माणसांना कसे सांभाळायचे हे आधीपासून ठाऊक असावे.

‘चुलीच्या धुरात आमच्या पिढ्या वाढल्या, धुराने काय होते?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आपल्याच घरातल्या बायका आठवून पाहाव्यात. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या किती आज्यांना साठी उलटल्यावर ओटीवरून परसापर्यंत जाताना दम लागत होता? त्याला आपण वय म्हणालो. त्यातले बरेचसे वय नव्हते, धूर होता.

लाकूड, पाने, गवत जळते तेव्हा डोळ्यांना दिसणारी राख आणि काजळी हा त्रासाचा लहान भाग असतो. मोठा त्रास अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या कणांचा बारीकपणा ध्यानात यावा. मोठी धूळ नाकातले केस आणि घशातला चिकटा अडवतात. हे कण तिथे अडत नाहीत. ते फुप्फुसाच्या अगदी टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यातले सर्वांत बारीक कण रक्तात उतरतात. म्हणून धुराच्या दिवसांत नुसता खोकला वाढत नाही. दमा उसळतो, जुना श्वसनविकार बळावतो आणि हृदयविकाराचे झटकेही वाढतात. या कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण हवेच्या एका घनमीटरमध्ये १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. आपल्या देशातली मर्यादा ६० आहे. गावाजवळ वणवा पेटलेला असताना हवा या दोन्ही मर्यादा सहज ओलांडते. बाहेरच्या हवेचे प्रदूषण हे कर्करोगाचे ठरलेले कारण आहे, असे संघटनेच्याच कर्करोगविषयक संस्थेने २०१३ साली जाहीर केले आहे.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात जंगले महिनोन् महिने जळत राहिली. आगीत सापडून ३३ माणसे गेली, त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली. नंतर तिथल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा धुरामुळे गेलेल्यांचा अंदाज चारशेच्या वर निघाला. जाळात गेले त्याच्या दहापटीहून अधिक माणसे धुरात गेली, आणि तीही घरात, दवाखान्यात, ज्वाळा कधी पाहिलेल्याही नसताना. आपल्याकडे असा हिशेब कुणी गावनिहाय मांडलेला नाही. तो मांडायला सुरुवात आशाताईंच्या वहीपासून करता येईल. वणव्यानंतरच्या आठवड्यात ज्यांना दम लागला, ज्यांना दवाखान्यात न्यावे लागले, त्यांची नोंद तारखेसकट ठेवायला त्यांना सांगा.

धूर किती लांब जातो याची कल्पना आपल्याला नसते. शाळेत आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आहेत. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई. कोकणातला धूर याच वाऱ्यांवर चालतो. दुपारी पेटलेल्या कातळाचा किंवा सड्याचा धूर खारा वारा घाटाकडे लोटतो. रात्री वारा फिरतो आणि घाटाच्या पायथ्याचा धूर बंदरपट्टीच्या वाड्यांकडे उतरतो. त्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे खालचा धूर पातेल्यावर झाकण ठेवावे तसा खोऱ्यात कोंडून राहतो. ऊन चढून जमीन तापेपर्यंत तो हलत नाही. शिवाय हे बारीक कण हवेतून धुऊन काढतो तो पाऊस, आणि वणव्याचे महिने नेमके पाऊस नसलेले. एका डोंगराची आग विझली तरी तिचा धूर पुढचे काही दिवस कुठेतरी फिरत असतो, त्यात शेजारच्या तालुक्याच्या डोंगराचा मिसळतो, त्यात शहराच्या गाड्यांचा आणि बांधकामाच्या धुळीचा.

गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि सत्तरीच्या डोंगरांत एकामागून एक आगी लागल्या, तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतायला आणावी लागली. एवढ्या ओल्या समजल्या जाणाऱ्या घाटातले जंगल असे पेटू शकते, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळले. त्या जंगलातूनच गोव्याला पाणी मिळते.

परदेशातल्या मराठी घरांनाही धूर आता नवा नाही. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज हे गाव जळाले आणि त्याचा धूर दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरावर जवळपास दोन आठवडे बसून राहिला. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कॅनडात २०२३ साली दीड कोटी हेक्टरांहून अधिक जंगल जळाले. त्या धुराने ७ जूनला न्यूयॉर्कचे आकाश भरदिवसा नारिंगी केले, हवेचा निर्देशांक ४०० च्या पुढे गेला, आणि महिनाअखेर धूर अटलांटिक ओलांडून युरोपात पोहोचला. आपल्याकडून आई-वडील मुलांकडे जातात ते बहुधा मे ते सप्टेंबर या काळात, आणि तोच तिकडचा धुराचा मोसम. त्यांच्या बॅगेत रक्तदाबाच्या गोळ्या असतात आणि अंगात रोज सकाळी फिरायला जाण्याची सवय असते. मुलांनी त्यांना पहिल्या आठवड्यातच सरकारी एअरनाऊ संकेतस्थळावरचा आकडा बघायला शिकवावे. धुराच्या दिवशी फिरणे रद्द म्हणजे रद्द. ‘आम्ही पुण्यात रोज टेकडी चढतो’ हे ऐकून घेऊ नये.

पुण्यात, मुंबईत हवेचा आकडा सहज मिळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ सेवा आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप आहे. निर्देशांक १०० पर्यंत असेल तर बहुतेकांना फारशी चिंता नाही. २०० ओलांडला की दमेकऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी घरात राहावे. ३०० च्या पुढे धडधाकट माणसानेही बाहेर धावू नये. पण हवा मोजणारी यंत्रे बहुतेक शहरांत आहेत. वणवे लागतात तिथे ती जवळजवळ नाहीत, आणि शंभर किलोमीटरवरच्या शहराचा आकडा तुमच्या वाडीच्या हवेबद्दल काहीच सांगत नाही. तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवा. घराच्या अंगणातून रोज दिसणारा एखादा डोंगर, देवळाचा कळस किंवा मोबाइलचा मनोरा ठरवून ठेवा, ज्याचे अंतर तुम्हाला ठाऊक आहे. पाच-सहा किलोमीटरवरचा डोंगर अंधुक झाला तर म्हातारे, गरोदर बाया आणि लहान मुले यांना आत घ्या. दीड-दोन किलोमीटरवरचेही दिसेना, तर शेतावरचे काम त्या दिवशी कुणीच करू नये. ढग आणि धुके यांना वास नसतो. जळकट वास आला की तो धूरच.

आता घरात काय करायचे ते सांगतो.

एक खोली निवडा. सगळे घर बंद करणे कौलारू घरात जमतच नाही, कौलांच्या फटींतून धूर येतोच. सर्वांत कमी फटी असलेली खोली घ्या, खिडक्या लावा, दाराखाली ओले फडके घाला, आणि ज्यांना धुराचा धोका अधिक त्यांना तिथे निजवा. गावात कुणाचे स्लॅबचे घर असेल तर म्हाताऱ्यांना दोन रात्री तिकडे पाठवायला संकोच करू नका. मात्र मार्च-एप्रिलची उष्णता विसरू नका. बंद खोलीत पंखा नसेल आणि माणूस घामाने भिजत असेल, तर उष्माघाताचा धोका धुराइतकाच खरा असतो; तेव्हा त्याला धूर नसलेल्या गावी, नातेवाइकाकडे हलवणे हेच बरे. वारा फिरून हवा निवळली की दारे-खिडक्या सताड उघडा. आत कोंडलेला धूर आपोआप जात नाही.

त्या दिवसांत घरात नवा धूर करू नका. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, चुलीवरचे आंघोळीचे पाणी, फोडणीचा खाट, सगळे होता होईल तो टाळा. गॅस असेल तर स्वयंपाक त्यावरच करा. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कारण केरसुणी बसलेले कण पुन्हा उडवते. आणि एक गोष्ट आजींना दुखावूनही सांगायला हवी. बाळ-बाळंतिणीला ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. बाहेर वणव्याचा धूर असताना ती देऊ नका, आणि माझे मत विचाराल तर एरवीही देऊ नका. नवजात बाळाची फुप्फुसे अजून वाढत असतात. ऊब शेकाने आणि कपड्याने मिळते, त्याला धूर लागत नाही.

पदर, उपरणे, ओला रुमाल यांनी हे कण अडत नाहीत. घशाला बरे वाटते, म्हणून माणूस फसतो आणि अधिक वेळ धुरात थांबतो. कण अडतात ते एन-९५ मास्कने, तोही नाकावरची पट्टी दाबून, कडेने हवा शिरणार नाही असा बसवला तर. करोनाच्या काळात हे मास्क तालुक्याच्या दुकानांतही पोहोचले, आजही मिळतात. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. अगदी लहान मुलांच्या चेहऱ्यावर तो बसतच नाही, म्हणून त्यांना घरातच ठेवणे हाच उपाय.

गूळ खाल्ल्याने छाती साफ होते, ही समजूत गिरणी-कारखान्यांपासून खेड्यांपर्यंत पसरलेली आहे. गूळ पोटात जातो, फुप्फुसातला कण त्याने निघत नाही. वाफ घेतल्याने नाक मोकळे होते, हळदीच्या दुधाने घसा शेकतो. तेवढ्यापुरते ते घ्यावे, पण त्यावर विसंबून बाहेर पडू नये. दम्याच्या माणसाने पंप जवळ ठेवावा आणि डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप धुराच्या दिवसांत मुळीच चुकवू नये. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने लोक तो कपाटात ठेवतात आणि मग रात्री दोन वाजता जीप शोधत फिरतात. छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, वाक्य पुरे करण्याइतकाही श्वास न पुरणे, पोर झोपाळू होऊन प्रतिसाद न देणे, यातले काहीही दिसले की १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

सकाळी फिरणाऱ्यांना वेगळे सांगतो. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, हे धुराच्या दिवसांत उलटे होते. खोऱ्यात कोंडलेला धूर पहाटेच सर्वांत दाट असतो. पुण्याच्या टेकड्यांवर किंवा साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर जाणाऱ्यांनी त्या दिवशी ऊन चढल्यावर जावे, नाहीतर जाऊच नये.

पण ही सगळी घरातली तजवीज झाली. मूळ काडीचे काय? आपल्या देशातले जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात. वीज पडून लागणारे अगदी थोडे. याचा अर्थ ते थांबवणेही आपल्याच हातात आहे, आणि मला यात मोठी आशा दिसते.

लावणारा माणूस दुष्ट नसतो. बहुतेक वेळा त्याच्यापाशी कारण असते आणि ते त्याच्या पोटाशी बांधलेले असते. गडचिरोलीत, मेळघाटात मोहाखालचा पाचोळा जाळतात, कारण पाचोळ्यात पडलेले फूल दिसत नाही. तिथे झाडाखाली जुनी लुगडी किंवा शेडनेट अंथरली तर फूल स्वच्छ मिळते, त्याला मातीही लागत नाही आणि भावही बरा येतो. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून आग लावतात; झुडपे वेळेवर छाटली तरी पालवी फुटते. कोकणात काजूच्या बागेतला पाला साफ करायला काडी लावतात आणि ती बांध ओलांडून डोंगरावर जाते. तोच पाला गोळा करून झाडांच्या आळ्यात घातला तर उन्हाळ्यात ओल टिकते. बागेभोवतीचे गवत जानेवारीतच कापून चार-पाच मीटरचा मोकळा पट्टा ठेवला, तर दुसऱ्याने लावलेली आगही आत येत नाही. वनखाते यालाच जाळरेषा म्हणते. ठिबकच्या तुटक्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद पाल्यात मिसळून जाळू नका. त्या धुराचे विष निव्वळ पाल्याच्या धुराहून कितीतरी वाईट असते.

गवत जाळले की पुढच्या साली दाट उगवते, ही समजूत सर्वांत चिवट. जाळल्यावर पावसाच्या सुरुवातीला हिरवे कोंब उठून दिसतात, कारण वरचे वाळलेले गेलेले असते. पण दरवर्षी जाळलेल्या उतारावर जनावरांना न आवडणारे कुसळाचे राठ गवत माजते, टिटवी-लाव्यांची अंडी जातात, आणि उघड्या पडलेल्या मातीला पहिलाच वळीव ओढ्यात नेतो. गवत कापून गंजी लावली तर ते एप्रिल-मेमध्ये विकताही येते.

राबाचा प्रश्न अवघड आहे, तो मी सोपा करून सांगणार नाही. भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजायची म्हणून कोकणात आणि मावळात झाडांच्या फांद्या तोडून, शेण-पाला-गवताचे थर देऊन जाळतात. तण मरते, रोप जोमाने येते. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. पण नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र शेतात करून दाखवले आहे. गादीवाफ्यावर थेट टोकणी, चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, म्हणून राबही नाही. चटई रोपवाटिकेलाही भाजणी लागत नाही. सगळे शेत एकदम बदलू नका. एका खाचरात करून पाहा, कृषी सहायकाला बोलवा, आणि तोवर राब भाजायचाच असेल तर वारा पडलेला असताना, भोवतीचे गवत काढून, पाण्याची कळशी आणि माणसे जवळ ठेवून भाजा. विस्तव विझल्याशिवाय घरी जाऊ नका. देशावर उसाच्या पाचटाबद्दलही हेच. ते सरीत कुजवले तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, जाळले तर गावाला धूर.

गडांवर जाणाऱ्या तरुणांनी फेब्रुवारी ते मे चूल पेटवू नये, सिगारेट ओढू नये, इतके तरी पाळावे. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी वाळल्या गवतातल्या वणव्यात गिर्यारोहकांची तुकडी सापडली आणि वीसहून अधिक जीव गेले. आग चढावर माणसाहून वेगाने धावते. वणवा दिसला तर वर चढू नका. जळून विझलेल्या काळ्या पट्ट्याकडे किंवा उघड्या कातळाकडे जा.

विझवायला जाणाऱ्यांनीही एकट्याने जाऊ नये. सुती कपडे घालावेत, नायलॉन अंगाला चिकटते. ओल्या फांद्यांनी झोडपताना वारा पाठीवर ठेवा. डोके गरगरले, मळमळले तर तो धुरातला कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याच क्षणी बाहेर या. जंगलावर ज्यांचे हक्क आहेत त्यांनी आगीची खबर देणे आणि विझवायला मदत करणे हे भारतीय वन अधिनियमाप्रमाणे कर्तव्य आहे, आणि राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी शेजारधर्म आहे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे ठिपके पाहून वनखात्याला संदेश पाठवते. नोंदणी केली तर ते संदेश तुमच्याही फोनवर येतात. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो, आणि बांधावरची छोटी आग त्याला दिसतेच असे नाही. तुम्हाला ती पहिल्या दहा मिनिटांत दिसते. तेव्हा ती चार माणसे विझवू शकतात. दोन तासांनी चाळीसही पुरत नाहीत.

शिमग्याच्या आधी ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. कोणत्या वाडीने कोणता उतार सांभाळायचा, जाळरेषा कधी काढायची, धूर आला तर कोणत्या म्हाताऱ्या माणसाला कुणी हलवायचे, हे नावानिशी ठरवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो आजच फोनमध्ये घालून ठेवा, आणि डोंगर पेटलेला दिसला की दुसरा कुणी कळवेल म्हणून थांबू नका.